आभाळ कोणी कोरलं?

अन्याय झाला तो ट्रूस ओल्डेनकाम्प या बाईंवर. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, राहणार कापेल आन डेन आयसेल. कधी झाला, तर दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी तीन ते साडेतीनच्या दरम्यान, युट्रेख्टमधल्या कालव्याकाठच्या एका तळघरात. केला मी. पुस्तिकेच्या शेवटच्या पानाच्या प्रुफावर त्यांनी पेन्सिलीने आपलं नाव लिहिलं होतं. ते मी रबराने खोडलं, त्या जागी ‘सर्व स्वयंसेवक’ असं टाइप केलं आणि फाइल छपाईला पाठवून दिली.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. कोणावर, कधी, कुठे, कोणी. भावना खाली, जागा उरली तर. हे मला पुण्यात वसतिगृहाच्या आंदोलनात शिकवलं गेलं, आणि इथे आल्यावर ओल धरलेल्या खोल्यांवरून घरमालकांशी भांडताना तेच मी डच पोरांना शिकवलं. पण हा मजकूर पत्रकात मावत नाही. ऑक्टोबर परत आला की माझी वाक्यं लांबायला लागतात.

आज सकाळी सायकलच्या सीटवर चेस्टनटचं एक पान चिकटलेलं होतं. ओलं, तपकिरी, शिरा वर आलेल्या. ते पुसून टाकायचं सोडून मी शिरांची दिशा बघत उभी राहिले आणि ऑफिसला उशीर झाला. ही खोड ट्रूसबाईंनी लावलेली. “रेषा संपते कुठे ते सगळेच बघतात,” त्या म्हणायच्या, “ती निघाली कुठून ते बघ.”

त्या पानगळीत मला नोकरी नव्हती. पदवी मिळाली होती, नोकरी शोधायचा एक वर्षाचा परवाना मिळाला होता, आणि रोज सकाळी कुठून ना कुठून ‘आपल्या अर्जाबद्दल आभार’ येत होतं. आईला फोनवर सांगायचं, चाललंय. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मी त्या तळघरात जायचे. छपाईच्या जुन्या वस्तूंचा छोटासा संग्रह, सगळा कारभार स्वयंसेवकांवर. रस्त्यावरून दगडी पायऱ्या उतरल्या की पाण्याच्या पातळीला दार. आत जवसाच्या तेलाचा, शाईचा आणि ओल्या कोटांचा वास. ऊन असलंच तर कालव्याचं पाणी छतावर हलताना दिसायचं. बाहेरच्या सुपरमार्केटात दालचिनीच्या बिस्किटांचे ढीग लागलेले असायचे आणि कोणीतरी पिशवी आणून टेबलावर उलटी करायचं. आजही त्या बिस्किटांचा वास आला की मला भूक लागत नाही, खिडकीजवळचं ते टेबल दिसतं.

त्या टेबलाशी ट्रूसबाई बसायच्या. डोळ्याला भिंग, समोर बांधीव साप्ताहिकाचा जाडजूड खंड. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘मेफ्राउ’ म्हटलं. इथे बाईमाणसाला आदराने म्हणतात ते.

“मेफ्राउ माझी सासू होती,” त्या मान वर न करता म्हणाल्या, “आणि आमचं पटायचं नाही. ट्रूस म्हण.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला नुसतं ट्रूस म्हणायला माझी जीभ वळेना. म्हणून तोंडावर ट्रूस, मनात ट्रूसबाई आणि आईशी बोलताना ट्रूसआजी. आईने लगेच विचारलं, “त्यांना कोणी आहे का गं?” मला माहीत नव्हतं. मी त्यांना रेषांबद्दल विचारायचे, त्या रेषांबद्दल सांगायच्या. असं आमचं होतं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये कादंबऱ्या क्रमशः छापून यायच्या. दर आठवड्याला गोष्टीचा एक तुकडा आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर एक चित्र. चित्रकार लाकडी ठोकळ्यावर चित्र काढून द्यायचा, आणि दुसरेच कोणी ते कोरायचे. जिथे कोरलं तिथे कागदावर पांढरं, जिथे लाकूड सोडलं तिथे काळं. त्या ठशांवरून धातूचे साचे काढून ते समुद्रापार विकले जायचे, आणि इथली डच साप्ताहिकं ती चित्रं आपल्या गोष्टींना चिकटवायची. एक चित्र मला अजून पाठ आहे. खिडकीशी उभी बाई, हातात पत्र, मागे जड पडदा. इंग्रजी गोष्टीत तिला कळतं की होणारा नवरा खोट्या सह्या करणारा भामटा आहे. डच साप्ताहिकात तीच बाई कोळ्याची विधवा झाली होती आणि पत्र बंदरावरून आलं होतं. ट्रूसबाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि हसून हसून त्यांचं भिंग खाली पडलं.

“नवरा बदलला,” त्या म्हणाल्या, “पडदा तोच!”

आणि मग एकदम गंभीर. “पडदा कोणी कोरला, ते शोध.”

हे मला आधी कळायचंच नाही. ठोकळा एक, चित्र एक, तर कोरणारा एकच ना? नाही. कोरायला बॉक्सवुडचं टणक लाकूड लागायचं, पण त्याचं खोड बारीक, त्यातून मोठी फळी निघत नाही. म्हणून छोटे छोटे ठोकळे मागून स्क्रूने जोडून एक मोठा करायचा, वर चित्र काढायचं, आणि मग ते ठोकळे पुन्हा सुटे करून वाटून टाकायचे. साप्ताहिक थांबत नाही. एकाला आभाळ, एकाला झाडं, एकीला झग्याच्या चुण्या. जो सगळ्यांत तरबेज, त्याला चेहरे. कोरून झालं की तुकडे परत जोडायचे, आणि सांध्यावरच्या रेषा कारखान्याचा उस्ताद स्वतः जुळवून घ्यायचा. चित्रकाराचं नाव एका कोपऱ्यात, कारखान्याचं दुसऱ्या कोपऱ्यात. आभाळ कोरणाऱ्याचं कुठेच नाही.

पण सांधा कधीकधी राहतो. केसाएवढी पांढरी रेघ, चित्राच्या वरपासून खालपर्यंत. ट्रूसबाईंनी माझं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. “आता डावीकडचं आभाळ बघ, मग उजवीकडचं.” आणि दिसलं. माझ्या लहानपणी आईने एका स्वेटरची पाठ विणली होती आणि बाह्या मावशीने. लोकर तीच, टाके तेवढेच, पण आईची वीण घट्ट, मावशीची सैल. मी शाळेत सांगायचे, ही पाठ आईची, हे हात मावशीचे. ते आभाळ तसं होतं. डावीकडे रेषा दमलेल्या, एकमेकींना टेकलेल्या. उजवीकडे कोणीतरी सावकाश, श्वास मोजून, ओळीने वारा कोरत गेलेलं.

त्यांचे वडील लाकडावर कोरायचे आणि त्यांनी मुलीला शिकवलं. मग चाळीस वर्षं, नोकरी सांभाळून, ट्रूसबाई हे हात ओळखत बसल्या. नावं सापडायची नाहीत, म्हणून वह्यांमध्ये टोपणनावं. एक तीळवाला: गडद सावलीत तिरप्या रेषांच्या जाळीत मधोमध ठिपका ठेवायचा. एक धांदरट: पानं कोरताना कडेला पोचायच्या आत कोरणी उचलायचा. आणि ते सावकाश आभाळ कोरणारं कोणी, त्याला त्या ‘निवांत’ म्हणायच्या.

“बाई असेल?” मी विचारलं. मला ती बाई असायला हवी होती, माझं पत्रक तयारच होतं.

“मला काय ठाऊक? रेषेला लुगडं नसतं.” लुगडं हा शब्द माझा. त्या स्कर्ट म्हणाल्या होत्या. “घाई नसलेलं माणूस, एवढंच मी सांगू शकते. जे दिसत नाही ते लिहायचं नाही.”

एका मंगळवारी त्यांनी माझ्या हातात कोरणी दिली. चामड्याच्या उशीत वाळू भरलेली, त्यावर ठोकळा. मी जोर लावला, कोरणी सटकली आणि आडवा ओरखडा गेला.

“भांडतेस कशाला त्याच्याशी?” ट्रूसबाई म्हणाल्या. “गोलाई हवी असेल तर कोरणी नाही वळवायची. हात स्थिर ठेव, ठोकळा फिरव.”

पूर्ण दुपार मी एक ढग कोरत होते. छापल्यावर तो बटाट्यासारखा आला. त्यांनी त्याच्या खाली तारीख घातली, आणि माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, मला विचारून, एकेक अक्षर डच उच्चाराने पुटपुटत. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग प्रदर्शन ठरलं आणि त्याची पुस्तिका करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला पत्रकं काढायचा सराव. मजकूर सगळा त्या वह्यांमधला. तीळवाला, धांदरट, निवांत, सांधे कसे शोधायचे, कोणत्या साप्ताहिकात कोणता हात. मी फक्त वाक्यं छाटली. डचमध्ये झाली, इंग्रजीत झाली, आणि उत्साहाच्या भरात मी मराठीतही केली.

आमच्या पत्रकांखाली कधीच एका माणसाचं नाव नसायचं. ‘समस्त विद्यार्थिनी.’ ‘सर्व भाडेकरू.’ त्याला कारण होतं. एक नाव दिसलं की रेक्टरबाई तेवढ्या एकीला ऑफिसात बोलावणार, घरमालक तेवढ्याचीच खोली काढून घेणार. सगळे म्हटलं की कोणालाच धरता येत नाही. ही आमची ढाल होती आणि मी ती इतकी वर्षं वागवली की ढाल कुठे लागते आणि कुठे नाही, हेच विसरले. त्या गुरुवारी प्रुफाच्या शेवटच्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीत त्यांचं नाव दिसलं आणि माझ्या मनात आलं, अरेरे, ट्रूसबाईंनासुद्धा ही हौस. त्या दिवशी त्यांची दवाखान्यात तपासणी होती, त्या आल्या नव्हत्या. विचारायचं, तर फोन होता. मी केला नाही. रबराचा चुरा फुंकून टाकला.

उद्घाटनाला तळघर गच्च भरलं. संग्रहाचे समन्वयक बास, पंचेचाळिशीचे, भले गृहस्थ, त्यांनी पुस्तिकेतलं एक पान वाचून दाखवलं. निवांतचं आभाळ. वाक्यं जशीच्या तशी ट्रूसबाईंची. “आमच्या सर्व स्वयंसेवकांचं हे यश,” ते म्हणाले. टाळ्या. घडीच्या खुर्चीवर बसलेल्या ट्रूसबाईंनी पुस्तिका उलटी केली, शेवटचं पान उघडलं, भिंग लावलं. डावा कोपरा. उजवा कोपरा. मग भिंग खिशात ठेवलं.

“कागद चांगला निवडलास,” त्या मला म्हणाल्या.

मला वाटलं, खूश आहेत. पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. गुरुवारी नाहीत.

आपल्या मराठी मंडळाची दिवाळी त्या वर्षी बुइटनव्हेल्डर्टला झाली, नोव्हेंबर निम्मा उलटल्यावर, कारण इथे हॉल मिळेल तेव्हा दिवाळी. मी मराठी पुस्तिकांचं खोकं फराळाच्या टेबलाशेजारी मांडलं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी चिवड्याच्या बशीबरोबर ती उचलली, मी बघितलंय. मेघनावहिनींनी तिथेच उभ्यानं वाचून काढली. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, झाउडासला आयटीत.

“मस्त आहे गं. लिहिलंय कोणी?”

“सगळ्यांनी मिळून.”

“सगळ्यांनी मिळून असं लिहिता येतं होय? ही एका बाईची बडबड आहे, मला ऐकू येतेय.” मी ट्रूसबाईंबद्दल सांगितलं. पेन्सिलीबद्दलही सांगितलं, कारण मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. वहिनींनी करंजी बशीत ठेवली.

“माझ्या प्रेझेंटेशनवर मॅनेजरने ‘टीम’ लिहिलं, तेव्हा माझ्या सोफ्यावर बसून दोन तास भाषण कोणी दिलं होतं? श्रमाची चोरी, काय काय शब्द होते. मला मेल लिहायला लावलास तू. आणि आता तूच?”

“ते वेगळं आहे, वहिनी. ती कंपनी आहे.”

“हो ना. तिथे चोर दुसरा होता.”

पुढच्या रविवारी मी कापेलला गेले. माफी मागायला गेले आणि भांडून आले, हेही लिहून ठेवते. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली ओला बांध आणि करडी नदी. ट्रूसबाईंनी कॉफी दिली आणि माझ्या समोर बसल्या.

“सर्व म्हणजे कोण?”

“आपण सगळे.”

“सगळ्यांनी चाळीस वर्षं भिंगातून बघितलं?”

“तसं नाही, पण काम एकत्र झालं ना. मारायनने फोटो काढले, हेंकने पायऱ्या झाडल्या, सामान वाहिलं...”

“मग लिही ना तसं. फोटो, मारायन. पायऱ्या, हेंक. चांगल्या झाडतो तो. तू कोणाचंच नाव लिहिलं नाहीस आणि त्याला न्याय म्हणतेस.”

मी म्हणाले, नावाची हौस हा सुखवस्तू लोकांचा आजार आहे. असं मी म्हणाले. त्यांच्या घरात, त्यांची कॉफी पीत.

त्या चिडल्या नाहीत. मेइशे म्हणाल्या, म्हणजे पोरी. “तीळवाल्याच्या मालकानेही त्याला हेच सांगितलं असेल, मेइशे. आपण सगळे एकच कारखाना.” मग नदीकडे बघत म्हणाल्या, “मी एवढी वर्षं कोपरे बघत आले. माझ्याच पानाचा कोपरा बघताना मला वाटलं, इथेही आभाळ कोणी कोरलं ते नाहीये.”

परतीच्या मेट्रोत माझ्याकडे एकही घोषणा नव्हती.

नंतर मी बासना सांगितलं, ट्रूसबाईंचं नाव घालायला हवं. ते म्हणाले, छापून झालंय, वाटून झालंय, पुढच्या आवृत्तीत बघू. ट्रूसबाईंना मी तसं कळवलं. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि पुन्हा तळघरात यायला लागल्या. अजून एक पानगळ आम्ही त्या टेबलाशी काढली. मी आणखी तीन ढग कोरले, शेवटचा बऱ्यापैकी ढगासारखा.

या वर्षी त्या येत नाहीत. डोळ्यांचं झालंय. नजरेच्या मधला भाग गेला, कडेचं तेवढं दिसतं. भिंगाचा उपयोग नाही. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा बांधावर पानं सडत होती आणि घरात सूप शिजत होतं. मी एक जुनं पान बरोबर नेलं होतं, कोणता हात ते मला ओळखता येत नव्हतं. त्यांनी सवयीने ते डोळ्यांजवळ धरलं, मग टेबलावर ठेवलं.

“तू सांग. सावलीत काय आहे?”

“जाळी. तिरपी.”

“मधे ठिपके?”

“नाहीत... थांबा. आहेत. फार बारीक.”

“एका आड एक?”

“हो.”

“म्हातारा झालाय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. “तीळवालाच. हात थरथरायला लागलाय बिचाऱ्याचा.”

निघताना मी सांगितलं, पुस्तिका पुन्हा छापतायत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

“आता नाव घातलंस तरी मला वाचता येणार नाही.”

“मी वाचून दाखवीन.”

“तू नको. तुला माहीत आहे. ज्याला माहीत नाही, त्याने वाचायला हवं.”

सोमवारी मी बासना भेटले. त्यांनी संगणकावर माझाच दोन वर्षांपूर्वीचा, छपाईच्या फाइलीबरोबर पाठवलेला मेल उघडून दाखवला. ‘व्यक्तीचं नाव घालणं आपल्या सामूहिक कामाच्या तत्त्वाशी विसंगत आहे.’ खाली मी. सुबक, ठाम, मुद्देसूद. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. बास म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी हे मान्य केलं होतं, आता तुझ्या एकटीच्या सांगण्यावरून मी मजकूर बदलू शकत नाही. “आणि वाचकांकडून तर कोणाचीच तक्रार आलेली नाही.”

नाही आली. कशी येईल? तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आता मी सांगितलंय.

तेव्हा हा लेख छान झाला, डोळ्यांत पाणी आलं, असं मला कळवू नका. त्या दिवाळीत नेलेली पुस्तिका शोधा, मागच्या कव्हरवर संग्रहाचा पत्ता आहे. पुस्तिका हरवली असेल तर शेजारच्यांकडे मागा. नोव्हेंबर संपायच्या आत त्या पत्त्यावर दोन ओळी लिहा, मराठीत, इंग्रजीत, मुलांकडून डचमध्ये, कशातही: हे ट्रूस ओल्डेनकाम्प यांनी लिहिलं आहे, त्यांचं नाव छापा. सामूहिक निवेदन मी काढणार नाही आणि तुम्हीही काढू नका. ‘समस्त मराठी मंडळी’ असं पत्र गेलं तर मी स्वतः ते परत घ्यायला लावीन. प्रत्येकाने वेगळं लिहा, हाताने लिहा, आणि खाली आपलं पूर्ण नाव घाला.